३०० डॉलरचं पिस्तूल, ६०० डॉलरचा खर्च

डॅलस किंवा ह्यूस्टनच्या उपनगरात एखाद्या मराठी कुटुंबाने घर घेतलं की कधी ना कधी शेजारी सहज विचारतो, "घरात काही ठेवता की नाही?" प्रश्न पिस्तुलाचा असतो. ही गोष्ट फोनवर पुण्या-नाशिकला कळली की तिकडे चिंता सुरू होते, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे शस्त्र परवाना म्हणजे अर्ज, पोलीस पडताळणी, वाट पाहणं, आणि एवढं करून कानपूरच्या सरकारी कारखान्यातली .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर लाखाच्या पुढे. ९ एमएम तर सामान्य नागरिकाला मिळतच नाही. टेक्सासमध्ये खेळाच्या साहित्याच्या दुकानात, मासेमारीच्या गळांपासून दोन रांगा पुढे, काचेखाली ९ एमएमचं कोरं पिस्तूल ३०० डॉलरला ठेवलेलं असतं आणि ते विकत घ्यायला राज्याचा परवाना लागत नाही.

पण तुम्ही घेऊ शकता का, हे आधी बघा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, पर्यटक व्हिसा, या सगळ्यांना संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्या वाटेने जायचं तर वकिलाला विचारूनच. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही याच मनाईत येतं, हे अनेकांच्या गावीही नसतं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक घेऊ शकतात. पिस्तुलासाठी दुकानात वय २१ पूर्ण लागतं आणि ते राहत्या राज्यातच घ्यावं लागतं. "माझं ग्रीन कार्ड आहे, तुझ्यासाठी मी घेतो" हा मित्राचा मोठेपणा संघीय गुन्हा आहे. २०२२ च्या कायद्यानंतर त्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतातून आई-वडील सहा महिने राहायला आले असतील, तर लॉकबॉक्सचा, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या कुलपाच्या डब्याचा, कोड त्यांना देऊ नका. तेही पर्यटक व्हिसावरच असतात.

दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा संघीय अर्ज, भरावा लागतो. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी करतो आणि बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं. अडतं ते पत्त्यावर. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता असेल, तर सध्याचा पत्ता दाखवणारं दुसरं सरकारी कागदपत्र, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी, सोबत न्या. ग्रीन कार्डधारकांनी कार्ड न्यावं, फॉर्मवर त्यावरचा ए-नंबर लिहावा लागतो. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी या फॉर्मवर तो बेकायदाच धरला जातो. आणि एवढ्यावर भागतं ते टेक्सासात. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून खरेदी परवाना लागतो, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड म्हणजे शस्त्रधारकाचं ओळखपत्र, कॅलिफोर्नियात परीक्षा, १० दिवसांची प्रतीक्षा आणि मंजूर मॉडेलांची यादी. तिथल्या मित्राने सुचवलेलं मॉडेल इथे चालेल, पण इथलं तिथे चालेलच असं नाही.

आता पैसे. हातात ६०० डॉलर आहेत असं धरा. बहुतेक जण सगळे पिस्तुलावर घालतात, एक काडतुसांचा डबा घेतात आणि वस्तू कपाटात जाते. माझा हिशोब असा: पिस्तूल २८०, त्यावर सव्वाआठ टक्के विक्रीकर म्हणजे २३. लॉकबॉक्स ७०, आणि टेक्सासात २०२१ पासून शस्त्रसुरक्षेच्या साधनांवर विक्रीकर नाही. सरावाच्या काडतुसांचे ५० चे पाच डबे ७५. घरी भरून ठेवायच्या होलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ, गोळ्यांचा डबा ३०. कानाचे मफ आणि चष्मा २५. नवशिक्यांचा वर्ग ८०. झाले ५८३, उरलेल्यात रेंजचा एखादा तास. हे साधारण भाव आहेत, सणासुदीच्या सेलमध्ये खाली येतात. ऑनलाइन स्वस्त दिसलं तर लक्षात ठेवा, ते घरी येत नाही. परवानाधारक दुकानात येतं आणि दुकानदार ट्रान्सफरचे २५ ते ४० डॉलर घेतो.

कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, ९ एमएम. यावर फार काथ्याकूट नको. सरावाची काडतुसं यातच सर्वांत स्वस्त पडतात आणि झटका सोसण्याजोगा असतो. .३८० चं छोटं पिस्तूल "बायकोला सोपं पडेल" म्हणून खपवलं जातं. प्रत्यक्षात त्याची काडतुसं महाग, पकड तोकडी, आणि वजन कमी असल्याने झटका हाताला जास्त बसतो. .२२ ची गोळी स्वस्त खरी, पण अशा रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या, काडतुसात न पेटणाऱ्या गोळ्यांचं प्रमाण जास्त. घरात ठेवायचं आहे, खिशात नाही, मग चार इंच नळीचं, पूर्ण मुठीत बसणारं पिस्तूल घ्या. वजन जास्त तितका झटका कमी, आणि नळी लांब तितकं पुढच्या-मागच्या नेमखुणांमधलं अंतर मोठं, म्हणजे नेम धरणं सोपं.

३०० च्या आसपास नवं घ्यायचं तर रुगर सिक्युरिटी-९, स्मिथ अँड वेसनचं एसडी९ आणि टॉरसचं जी३ ही तीन आधी हातात धरून बघा. रुगरला अंगठ्याचं सेफ्टी बटण आहे, १५ गोळ्यांचं मॅगझीन आहे आणि स्लाइड, म्हणजे गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग, ओढायला तुलनेने हलकी. एसडी९ च्या जुन्या व्हीई मॉडेलचा ट्रिगर चांगलाच जड आहे. नव्या २.० मध्ये तो सुधारला, म्हणून दोन्ही शेजारी असतील तर २० डॉलरसाठी जुनं उचलू नका. टॉरस ब्राझीलची कंपनी. जी३ चा गुण असा की गोळी पेटली नाही तर ट्रिगर पुन्हा दाबता येतो. मात्र टॉरसचं जुनं पीटी-१११ मिलेनियम किंवा पीटी-२४/७ सेकंड-हँड स्वस्तात दिसलं तर हात लावू नका. पडल्यावर गोळी सुटण्याच्या तक्रारींवरून या मालिकांवर अमेरिकेत सामूहिक खटला झाला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. सर्वांत स्वस्त हाय-पॉइंट सी९, २०० च्या आत. ते चालतं, लोक उगाच हसतात. पण स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, वजनदार, आणि आतली स्प्रिंग कडक. मनगट नाजूक असेल तर ती स्लाइड ओढणंच जड जाईल.

स्लाइड खरंच ओढता येत नसेल, तर सहा गोळ्यांची .३८ रिव्हॉल्व्हर, उदाहरणार्थ टॉरस ८५६. तिचा ट्रिगर लांब आणि जड असतो आणि काडतुसं महाग. पण आधी पद्धत तपासा. बहुतेक जण मूठ स्थिर धरून दोन बोटांनी स्लाइड खेचतात. स्लाइड पूर्ण पंजाने घट्ट धरायची आणि मूठ पुढे ढकलायची, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून. अर्ध्या लोकांची अडचण इथेच संपते.

खरा स्वस्त माल म्हणजे पोलीस खात्यांनी बदलून टाकलेली पिस्तुलं. ग्लॉक २२ किंवा एम अँड पी ४० तीनशेच्या खाली दिसतात, कारण ती .४० कॅलिबरची आहेत आणि एफबीआयपाठोपाठ बरीच खाती ९ एमएमवर परतली. म्यानात घासून रंग उडालेला असतो, आतून मात्र फारशी झिजलेली नसतात, कारण पोलीस गोळ्या कमी झाडतात आणि पिस्तूल वागवतात जास्त. पण हिशोब करा: पिस्तुलावर ८० डॉलर वाचले आणि दर डब्याला साडेसहा डॉलर जास्त गेले, तर बारा डब्यांत बचत संपली. ९ एमएमचं मिळालं तर मात्र सोडू नका. नेमखुणांवरचे अंधारात चमकणारे ट्रिटियम या किरणोत्सर्गी वायूचे बिंदू "अजून आहेत" असं सांगितलं, तर बनवल्याचं साल विचारा. ट्रिटियम सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं.

जुनं पिस्तूल काउंटरवर बघताना मॅगझीन काढलेलं, स्लाइड मागे अडकवलेली, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेली हवी. नळीत उजेड टाकून आत कडं उमटल्यासारखी फुगीर रेघ दिसते का बघा. दिसली तर नळीत आधी गोळी अडकून मागून दुसरी झाडलेली असते. ग्लॉकवर मूठ, स्लाइड आणि नळी तिन्हींवर नंबर असतो, तो एकच हवा. परवानगी घेऊन रिकामा ट्रिगर दाबा, दाबूनच धरा, स्लाइड ओढून सोडा, मग ट्रिगर हळू सैल करा. स्पष्ट टक असा आवाज यायला हवा. अनोळखी माणसाकडून पार्किंग लॉटमध्ये व्यवहार टेक्सासात चालतो, पण चोरीचं पिस्तूल गळ्यात पडण्याची वाटही तीच. दुकानामार्फत ट्रान्सफर करून घ्या.

घरी आणल्यावर आधी साफ करा, कारखान्याचं ग्रीस पुसून रुळांवर तेलाचे चार थेंब, जास्त नको. मग रेंजवर २०० सराव-गोळ्या आणि घरी ठेवणार त्याच होलो पॉइंटच्या किमान २०. नव्या माणसाच्या हातात पिस्तूल अडकतं ते बहुधा मनगट ढिलं असल्याने. स्लाइडला मागे जायला आधार मिळत नाही आणि रिकामी पुंगळी स्लाइडमधल्या बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. मॅगझीनच्या बुडाला चापट, स्लाइड जोरात मागे, पुन्हा नेम. हे वर्गात हातात बसवून घ्या. पकड सुधारूनही अडकत असेल तर दुसरं मॅगझीन लावून बघा, दोष बऱ्याचदा त्याच्या ओठांत, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांत, असतो. तरीही अडकलं तर कंपनीकडे पाठवा. आणखी एक बारकावा: तीच गोळी रोज चेंबरमधून काढून परत भरत राहिलात तर शिसं काडतुसात आत ढकललं जातं आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. शेजारच्या काडतुसापेक्षा आखूड दिसणारं काडतूस वापरू नका.

होलो पॉइंटचा आग्रह भिंतींमुळे. आपल्याकडे वीट किंवा काँक्रीट असतं. इथे आतली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी अर्धा इंच जिप्सम बोर्ड. सरावाची गोल टोकाची गोळी अशा कितीतरी भिंती पार करून मुलांच्या खोलीत किंवा शेजारच्या अपार्टमेंटमध्ये पोहोचते. होलो पॉइंटही भिंत भेदतेच, पण शरीरात फुलून बाहेर पडण्याची शक्यता कमी. म्हणून समोर कोण आहे हे झाडण्याआधी दिसायला उशाशी ३० डॉलरचा चांगला टॉर्च हवा आणि तो पिस्तुलावर लावलेला नको, नाहीतर बघण्यासाठी नळी माणसावर रोखावी लागते. १९९२ मध्ये लुइझियानात बॅटन रूज इथे योशिहिरो हात्तोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी पार्टीचा पत्ता चुकून भलत्याच दारात गेला आणि घरमालकाने त्याला गोळी घातली. मालक फौजदारी खटल्यातून सुटला, दिवाणी न्यायालयाने सुमारे साडेसहा लाख डॉलर भरपाई लावली.

लॉकबॉक्सवर कंजुषी नको. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. घरात किशोरवयीन मूल असेल, कुणी नैराश्यातून जात असेल, तर पिस्तूल न घेणं हाच माझा सल्ला. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे. बोटाच्या ठशाचे स्वस्त डबे टाळा. २०२३ मध्ये असे हजारो डबे बाजारातून परत मागवले गेले, कारण ठसा नीट नोंदला नसेल तर ते कुणाच्याही बोटाने उघडत होते. बटणांचा साधा डबा घ्या, दर सहा महिन्यांनी बॅटरी बदला, जादा किल्ली घराबाहेर ठेवा. नव्या पिस्तुलासोबत मिळणारं केबलचं कुलूप खिडकीतून मॅगझीनच्या खाचेत ओवायचं असतं. दिवसा तेही चालेल.

भारतात महिनाभर जाताना तो डबा पलंगाखाली तसाच सोडू नका, चोर तो उचलूनच नेतो. काही दुकानं पैसे घेऊन पिस्तूल सांभाळतात. परत घेताना बहुधा पुन्हा फॉर्म ४४७३ भरावा लागतो, तेव्हा कार्ड सोबत असू द्या. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला नेऊच नका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडलं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो आणि "चुकून राहिलं" हे सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते. निघण्याआधी पिस्तुलाच्या सीरियल नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा. चोरी झालीच तर पोलीस पहिला प्रश्न त्याचाच विचारतात.