बारा पंचे साठ

जून महिना होता. पहाटेपासून पावसाने नुसती झोड उठवली होती. आमच्या शाळेवर पत्रे होते, आणि नैऋत्येचा पाऊस पत्र्यांवर कोसळायला लागला की पहिल्या बाकावरच्या मुलालाही माझा आवाज जात नसे. मालदीवची राजधानी मालेहून येणारी बोट रद्द झाली होती. सातवीच्या वर्गात जेमतेम अकरा मुलं आली होती. अपूर्णांकांचा नवा धडा काढण्यात काही अर्थ नव्हता.

मी मूळची बार्शीची. मालदीवला गणित शिकवायला आले तोवर समुद्र मी सहलीतच पाहिला होता. सुमारे १,२०० बेटांचा हा देश; त्यांतल्या दोनशेहून कमी बेटांवर माणसं राहतात. माझं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं लागायची. सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी घरी फोन केला की आई दर वेळी विचारायची, "आज रविवारी कसली गं शाळा?"

पुस्तकं इंग्रजी, परीक्षा केंब्रिजची आणि मुलांच्या घरची भाषा दिवेही. शाब्दिक उदाहरण आलं की निम्मा वर्ग गणिताशी नाही, वाक्याशीच झगडत बसे. मागच्या बाकावर एक मुलगा होता. जानेवारीपासून त्याने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. पेपर जवळजवळ कोरा द्यायचा. सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर धोणीवर, म्हणजे तिकडच्या होडीवर, ट्यूना मासे धरायला जायचा. तिकडे जाळं टाकत नाहीत, काठीला दोर आणि गळ लावून एकेक मासा वर ओढतात. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, 'प्रयत्न कमी पडतात.'

त्या दिवशी मी खडू मुलांच्या हातात दिला आणि म्हटलं, आज तुम्ही मला आकडे शिकवा. एक मुलगी फळ्याशी आली. एकेह, देह, तिनेह. दहाला दिहाएह. मी सावरून बसले. पुढे एगारा, बारा, तेरा. मी म्हटलं, थांब, हे तर आमचेच! सोळाला सोळा. विसाला विही, तिसाला तिरीस, चाळिसाला साळीस, पन्नासाला फन्सास. मी प्रत्येकाला मराठी शब्द जोडत गेले आणि मुलं बाकं वाजवायला लागली. पावसापेक्षा त्यांचाच आवाज मोठा झाला.

मग साठ आला. 'फस्दोळस.'

माझी गाडी तिथेच अडली. इतका वेळ हात धरून चाललेली भाषा एकदम दुसऱ्याच गल्लीत शिरली होती. 'फस्' म्हणजे पाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण 'दोळस' म्हणजे काय? कुणालाच सांगता येईना. रोज साठ म्हणतात, पण तो शब्द कधी कुणी उलगडून पाहिला नव्हता. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मिस, माय मामा नोज."

तिकडे आजीला मामा म्हणतात. मला मात्र अर्थ कळायला क्षणभर लागला. मी त्याच्या आवाजाकडेच बघत राहिले होते.

संध्याकाळी पाऊस उघडल्यावर तो मला घरी घेऊन गेला. आजी अंगणात जोलीवर बसली होती. चौकटीला दोऱ्यांचं जाळं विणून केलेली ही बैठक, आमच्या झोळीचीच मावसबहीण. प्रश्न ऐकून ती हसली आणि त्याला कोपऱ्यातले नारळ आणायला लावले. सुरकुतलेल्या हातांनी एकेक नारळ फिरवून, देठाची बाजू वर करून, तिने मातीत ढीग मांडले. प्रत्येकात बारा. एका ढिगावर हात ठेवून म्हणाली, "दोळस." तीन ढिगांवरून हात फिरवला, "तिन्दोळस." मग पाचही ढिगांकडे बोट केलं.

तो माझ्याकडे वळला आणि आजीचं बोलणं इंग्रजीत सांगायला लागला. आता बाराला बारा म्हणतात, पण आजीच्या लहानपणी जुनी माणसं दोळस म्हणायची आणि बाराबारांनी मोजायची. तिन्दोळस म्हणजे छत्तीस. पाच बारा साठ. सात-आठ वाक्यं तो न अडखळता बोलला. एके ठिकाणी शब्द सापडेना, तर नारळ उचलून दाखवला.

मी त्याला माझा हात दाखवला. माझी आजी जपाची माळ हाताशी नसली की पेरांवर मोजायची. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, त्यांवरून अंगठा फिरवला की बारा. बारा झाले की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली की साठ. 'बारा पंचे साठ,' मी मराठीत म्हटलं. त्याने स्वतःच्या पेरांवर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि पाचवं बोट मिटून मूठ आजीपुढे धरली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये श्रीलंकेच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. "आमच्या सिंहलीत बाराला दोळहा म्हणतात," त्या सहज म्हणाल्या. दोन वर्षं आम्ही शेजारी बसत होतो.

नंतर मला एक गोष्ट कळली, आणि ती मनातून गेली नाही. दिवेहीची ताना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतली आहेत आणि पुढची नऊ जुन्या स्थानिक आकड्यांवरून. या मुलांची अक्षरंच मुळी आकड्यांतून आली, आणि त्यांच्यातल्या एकाचे प्रयत्न कमी पडतात असा शेरा मी निळ्या शाईत लिहून ठेवला होता. सत्र संपायच्या आत मी तो बदलून घेतला.

ऑगस्टच्या चाचणीत वेळेवर एक उदाहरण होतं. तीन तासांची मिनिटं काढायची होती. त्याने १८० लिहिलं होतं. समासात पेन्सिलीने पंधरा लहान गोल काढले होते, पाच-पाचच्या तीन ओळींत. प्रत्येक गोलात १२. आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला तानात, उजवीकडून डावीकडे, एक शब्द. ताना मला तेव्हा नीटशी वाचता येत नव्हती, पण तो शब्द आला.