काळीचा तुरा काळाच असतो

गावठी कोंबडी आजारी पडली की तुरा फिका पडतो, लांबूनही कळतं. कडकनाथचा तुरा, चोच, पाय, कातडी सगळंच काळं. तिच्या अंगातलं रक्त कमी झालंय हे तोंडाकडे बघून समजतच नाही. गेल्या आषाढात आमची काळी अशीच खंगत गेली. उचलून घेतली तेव्हा छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या घरामागे तेव्हा नऊ कोंबड्या होत्या. दोन झाबुआकडच्या कडकनाथ, बाकी गावठी. पिसं फुलवून कोपऱ्यात उभं राहणं, दाण्याकडे पाठ, विष्ठेत रक्त. औषधाच्या दुकानात सांगितलं, "आंटीजी, कीड़े की दवाई है, तीन दिन में ठीक." मी पाजली. चार दिवसांत दोन तलंगा गेल्या. ते चार दिवस मला अजून टोचतात.

शेवटी ताजी विष्ठा डबीत घेऊन महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "काकू, हे जंत नाहीत. रक्ती हगवण आहे, कॉक्सिडिया." एकपेशी परजीवी. आतड्याच्या पेशींत शिरून वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो. जंताच्या औषधाला तो दाद देत नाही. मग पाण्यातून अँप्रोलियम सुरू झालं, आणि तेवढे दिवस बी-1 जीवनसत्त्व असलेलं टॉनिक बंद, कारण हे औषध परजीवीचं बी-1 तोडूनच त्याला मारतं.

कोंबड्या सुधारल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. भाद्रपदात तिसऱ्यांदा.

तेव्हा मी खुराड्यापाशी स्टूल टाकून दोन दिवस नुसती बसून राहिले. पाणी पिऊन झालं की कोंबडी मान झटकते, थेंब भोवती उडतात. आपली माळव्याची काळी माती ते धरून ठेवते. भांड्याभोवती परातीएवढा ओला गोल, त्यात विष्ठा, आणि त्यातच त्या पायाने उकरून चोची मारतायत! विष्ठेतून पडलेली कॉक्सिडियाची अंडी लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात. फिनाईलने, ब्लीचिंगने मरत नाहीत. म्हणजे मी वर औषध पाजत होते आणि खाली रोग उबवत होते. त्यातून कोंबड्यांत या कॉक्सिडियाच्या मुख्य जातीच सात. एका जातीविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसरीला चालत नाही.

वीतभर माती खणून काढली, मुरूम भरला. भांडं विटांवर चढवून कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणलं, खाली जाळीचा ट्रे. लाकडाचा भुसा रोज सकाळी चाळवते, ओला दिसला की लगेच काढते. एक दिवसही थांबायचं नाही, कारण तो एकच दिवस त्या अंड्यांना पुरतो. पिल्लं वेगळ्या पेटीत, त्यांनाच याचा सर्वांत मोठा धोका.

आणि दर रविवारी प्रत्येकीला कापडी पिशवीत घालून काट्याला टांगते. काळीच्या बाबतीत डोळ्यांवर माझा आता विश्वास नाही. गेल्या आषाढात ती 900 ग्रॅम होती. या रविवारी, चार दिवसांच्या झडीनंतर, 1 किलो 350 भरली.