देवमाशाच्या तोंडाचा वास

जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला होता, आठवतंय? आमची बँकेची शाखा तेव्हा पार्ल्यात होती. कॅश टॅली झाली तशी आम्ही तिघी रिक्षा करून बघायला गेलो. ब्राइडस जातीचा, तीस-पस्तीस फूट लांब. गर्दी एवढी की मासा दिसायच्या आधी वासच आला. घरी येऊन साडी दोनदा धुतली, तरी ह्यांनी ती गॅलरीतच वाळत ठेवायला लावली.

म्हणजे माझी आणि देवमाशाची पहिली ओळख नाकाने झाली. दुसरीही नाकानेच झाली, पण नॉर्वेत.

भाची ओस्लोत नोकरीला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि तिथून विमानाने उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नेलं. बंदरावर जिकडेतिकडे एकच जाहिरात: देवमासे आणि नॉर्दर्न लाइट्स (म्हणजे तिथल्या रात्रीच्या आकाशात हलणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे), एकाच बोटीवर. चित्रात हिरव्या आकाशाखाली देवमासा उडी मारतोय. तसं काही नसतं हो. देवमासे बघायला थोडा तरी उजेड लागतो आणि लाइट्सना काळोख. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजाखालीच असतो. दिवसा तीन-चार तास निळसर-गुलाबी संधिप्रकाश असतो, आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर दादर चौपाटीवर दहा मिनिटं असतो तसा. तेवढ्या वेळात देवमासे उरकायचे. परतीच्या वाटेवर ढग फाटले आणि नशीब असलं, तर लाइट्स. 'एकाच बोटीवर'चा अर्थ एवढाच.

मला बोट लागते. मांडव्याच्या लाँचवरही लागते, आणि हे पडले अलिबागचे, त्यामुळे तीस वर्षं त्यावरून चिडवून घेतेय. इथे तर ट्रोम्सोहून शेरव्हॉयपर्यंत तीन तास जायचं आणि तीन तास यायचं. उघड्या रबरी बोटी असतात, त्यात अंगभर फुगीर सूट चढवून बसवतात. गुडघ्यांचा विचार करून आम्ही बंद केबिनची मोठी बोट घेतली. फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या, आत पाणी गुळगुळीत होतं. मध्ये उघडा समुद्र लागला आणि माझं सकाळचं पाव-लोणी परत गेलं. एव्होमिन होती पर्समध्ये, पण ती बोट सुटायच्या आधी घ्यायची असते, पोटात कालवल्यावर नाही. आत बसून खिडकीतून बघत राहिलं की जास्तच होतं. त्यापेक्षा बाहेर डेकवर कुडकुडत उभं राहणं परवडलं.

एवढ्या लांब जायचं कारण हेरिंग. हा मासा म्हणजे आपल्या तारलीच्याच घराण्यातला. हिवाळ्यात त्याचे थवेच्या थवे फियॉर्डमध्ये मुक्कामाला येतात, आणि त्यांच्यामागून हंपबॅक आणि ओर्का जातीचे देवमासे. काही वर्षांपूर्वी हेरिंग ट्रोम्सोच्या जवळच यायची, मग तिने जागा बदलली आणि सगळे टूरवाले तिच्यामागे उत्तरेला पळाले. हे म्हणाले, "मासा जिकडे, होडी तिकडे. यात नवीन काय?"

आधी ओर्का दिसले. नराच्या पाठीवरचा पंख माणसाएवढा उंच, काळा, सरळ. सगळे मिळून हेरिंगला वळतात, तिचा गोळा करतात आणि शेपटीच्या फटक्याने गुंगवून एकेक मासा खातात. जवळच पर्ससीनवाल्या, अख्खा थवा घेरून पकडणाऱ्या बोटी जाळी ओढत होत्या, त्यांच्या कडेनेही हे हजर. आपल्याकडे पर्ससीन म्हटलं की भांडणं. इथे देवमासे पंगतीला बसल्यासारखे.

मग बोटीच्या डाव्या अंगाला पाणी फुगलं आणि हंपबॅकने श्वास सोडला. मोठ्या गाडीचा एअरब्रेक सुटावा तसा आवाज. वारा आमच्याकडे होता. आंबलेला मासा आणि शिजवलेला कोबी, असा वास. हे एकदम म्हणाले, "अगं, भाऊचा धक्का!" तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना घरच्यासारखं वाटलेलं मी पाहिलं. जुहूचा वास सडण्याचा होता. हा जेवून ढेकर दिल्यासारखा होता, मला मुळीच किळस आली नाही.

बुडी मारताना तो शेपूट वर काढतो. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि फोटो जुळवून अभ्यासक एकेका जनावराला ओळखतात. मी एकतीस वर्षं चेकवरची सही नमुना सहीशी पडताळत बसले, त्यामुळे हे काम मला फार म्हणजे फारच पटलं. अशाच पडताळणीतून कळलंय की इथले काही हंपबॅक पुढे थेट कॅरिबियनपर्यंत जातात, बाळंतपणं तिकडे उबदार पाण्यात.

गाइड मुलीने विचारलं, कुठून आलात? मुंबई म्हटल्यावर ती म्हणाली, मग तुमच्या अरबी समुद्रातले हंपबॅक बघितलेत का? ते कुठेही जात नाहीत, बारा महिने तिथेच राहतात, सुमारे सत्तर हजार वर्षांपासून बाकीच्यांपासून तुटलेत, आणि ओमानजवळच्या मोजणीत शंभरसुद्धा भरले नव्हते. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आपल्याला देवमासा म्हटलं की आठवते त्याची पोलिसांनी पकडलेली उलटी.

रात्री हॉटेलजवळच्या मेनूत व्हेल स्टेक होता. नॉर्वेत मिंकी देवमाशांची शिकार आजही कायदेशीर आहे. समुद्रातलं काहीही न सोडणारे आमचे हे म्हणाले, "ज्याच्या तोंडाचा वास घेतला त्याच्या भावाला कसं खायचं?" आणि सूप मागवलं.

पण लाइट्स राहिले. परतताना कप्तानाने डेकवरचे दिवे घालवले. वर चुलीच्या धुरासारखा राखाडी पट्टा. फोनमध्ये तो हिरवा, डोळ्यांना राखाडीच. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. मला तर फसवल्यासारखं वाटलं. दहा मिनिटांनी पट्टा हलला, वळला आणि साध्या डोळ्यांनाही हिरवा झाला, खालची कड गुलाबी. हिरवा रंग ऑक्सिजनचा, शंभरेक किलोमीटर उंचीवरचा, गुलाबी नायट्रोजनचा. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा हा खेळ असल्याचं बिर्केलांड या नॉर्वेच्याच शास्त्रज्ञाने मांडलं, निर्वात पेटीत चुंबकी गोळा ठेवून छोटे लाइट्स करूनही दाखवले. त्याचं चित्र तिथल्या २०० क्रोनरच्या नोटेवर होतं. २०१७ मध्ये नवी नोट आली, तिच्यावर कॉड मासा. शास्त्रज्ञ काढून मासा छापणारा देश ह्यांना फार आवडला. मी एटीएममधून मुद्दाम एक नोट काढून आणलीये, कोरी.

बोटीवरून लाइट्सचा फोटो काढायच्या फंदात पडू नका. फोन तीन सेकंद स्थिर धरायला सांगतो आणि बोट एक सेकंदही स्थिर नसते. ट्रायपॉड लावलेले लोकही शिव्या घालत होते. मी चाळीस फोटो काढले. त्यातला बरा एक मोठा करून हॉलमध्ये लावलाय. परवा शेजारच्या काकू आल्या, चष्मा वर करून जवळून बघितला आणि म्हणाल्या, "भिंतीवर कोथिंबिरीची चटणी उडाली का गं?"