लाठीच्या शिबिराला लेकीला पाठवताना

दहा वर्षांच्या मुलीला सात दिवस घराबाहेर, तेही डोंगरात आणि लाठीकाठी शिकायला पाठवायचे म्हटल्यावर आमच्या घरात जी चर्चा झाली, तिच्यात सर्वांत कमी बोलली ती मुलगीच. तिचे ठरलेले होते. माझेच ठरत नव्हते आणि त्याला कारणही होते. आदल्या उन्हाळ्यात एका निवासी शिबिराचे गुळगुळीत माहितीपत्रक पाहून आम्ही घाईने पैसे भरले होते. तिथे साठ मुलांमागे चार प्रशिक्षक होते, निसर्ग म्हणजे रिसॉर्टची हिरवळ होती आणि पाच दिवसांच्या कराटेनंतर प्रत्येक मुलाच्या गळ्यात पदक पडले होते. तिला तिसऱ्या दिवशी ताप आला होता, हे मात्र आम्हाला ती घरी परतल्यावर तिच्याकडूनच कळले.

त्यामुळे पन्हाळ्याहून मसाई पठाराकडे जाणाऱ्या वाटेलगतच्या एका शेतावर मर्दानी खेळांचे शिबिर भरते, असे कोल्हापूरच्या नणंदेने सांगितले, तेव्हा मी आधी वही काढली आणि प्रश्न लिहून मगच फोन केला. शिबिर चालवणारे तिघे होते: कोल्हापुरातल्या तालमीत आयुष्य गेलेले एक वस्ताद आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक जोडपे. शिबिरात डोंगरभटकंती असल्यामुळे राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का, असे मी विचारले; दुसऱ्या दिवशी कागद आला. रात्री मुलींच्या खोलीत कोण झोपते, पिण्याचे पाणी उकळलेले असते का, किती मुलांमागे किती मोठी माणसे असतात, हेही विचारले. चोवीस मुले आणि सहा मोठी माणसे, हे उत्तर ऐकून बरे वाटले. मात्र माझे मन खऱ्या अर्थाने निश्चिंत झाले ते सापाच्या प्रश्नावर. घोणस किंवा नाग चावला तर सर्पदंशावरची लस कुठे मिळेल, असे विचारताच बाईंनी जराही न अडखळता सरकारी रुग्णालयाचे नाव सांगितले, तिथे लस असल्याची खात्री आपण दर शिबिराच्या आदल्या दिवशी करतो असे सांगितले आणि रात्रभर कोणती गाडी अंगणात तोंड फिरवून उभी असते, तेही सांगितले. आपण जो विचार करतो आहोत तो समोरच्याने आधीच केलेला आहे, हे कळल्यावर पुढचे दोन प्रश्न मी विचारलेच नाहीत.

कागदपत्रे फारशी नव्हती. संमतीपत्र, डॉक्टरांचा दाखला आणि कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची अॅलर्जी आहे याचा तक्ता. दहाव्या वर्षी द्यायची धनुर्वात-घटसर्पाची लस राहून गेली आहे, हे त्या निमित्ताने आमच्या लक्षात आले, म्हणून ती आधी देऊन घेतली. सामानाच्या यादीत पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टॉर्च, टोपी आणि घट्ट पकड असलेले बूट होते. मोबाइल नाही, रोज रात्री आठ वाजता पालकांच्या गटावर एक निरोप, आणि अगदीच गरज पडली तर एक फोन.

एप्रिलअखेरच्या एका रविवारी आम्ही तिला सोडायला गेलो. अंगणात वेळूच्या काठ्यांची मोळी पडली होती. वस्ताद एकेका मुलाला ताठ उभे करून त्याच्या कानाशी काठीवर कोळशाने खूण करत होते आणि तिथून ती करवतीने कापत होते. लेकीची लाठी कापून झाल्यावर तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि आमच्याकडे न पाहताच रांगेत जाऊन उभी राहिली. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत गाडीत कुणी फारसे बोलले नाही.

तिसऱ्या रात्री फोन आला तो रडका. घरची आठवण आली असेल असे मला वाटले, पण तक्रार वेगळीच होती: “आई, लाठी खोलीत नुसती टेकवून ठेवली आहे. अजून एकदाही फिरवू दिली नाही. नुसते पाय शिकवतात.” माझ्या मनात मागच्या वर्षीचे पैसे जागे झाले आणि मी वस्तादांना फोन मागितला. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “ताई, आधी पाय बसू दे की. पाय चुकला तर लाठी दुसऱ्याला न्हाई, सोताच्याच कानफटात बसती.” यावर काय बोलायचे, हे मला सुचले नाही.

पाय म्हणजे काय, हे मला तिला आणायला एक दिवस आधी पोहोचल्यामुळे पाहायला मिळाले. सकाळी सहा ते आठ पवित्रे चालत. ऊन चढले की लाठ्या भिंतीला लावून सगळे सावलीत झाडे ओळखत बसत आणि चार वाजल्यानंतर पठाराच्या उतारावर चालायला जात. मीही त्यांच्यामागे गेले. उतरताना एका ठिकाणी मुरमाचा घसारा होता आणि तिथे मी सरळ बसकण मारली. माझ्यापुढची मुले मात्र भार मागच्या पायावर ठेवून, गुडघा किंचित वाकवून, पुढच्या पायाने जमीन चाचपून मगच तो टेकवत होती. सकाळी अंगणात पाहिलेला पवित्रा तोच होता. फक्त हातात लाठी नव्हती. करवंदाच्या जाळीजवळ बाईंनी सगळ्यांना थांबवून ओल्या मातीतले गव्याच्या खुरांचे ठसे दाखवले, आणि चोवीस मुले कुणी न दटावता गप्प उभी राहिली. दूरवर पावशा ओरडत होता.

ती माती ओली होती याचे कारण म्हणजे दोन दिवसांपूर्वी पडलेला वळीव. त्या संध्याकाळी निरोप आठऐवजी साडेपाचलाच आला होता: ‘दामिनी’ अॅपवर विजेचा इशारा दिसल्यामुळे सराव थांबवला आहे आणि सर्व मुले पक्क्या इमारतीत आहेत. तेव्हा आकाश नुसतेच भरून आले होते, आणि मैदान सोडायला मुले कुरकुरत होती म्हणे.

शेवटच्या सकाळी हलगीच्या ठेक्यावर मुलांनी लाठी फिरवून दाखवली. दांडपट्टा 2024 मध्ये राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला असला, तरी बारा वर्षांखालच्या मुलांच्या हाती तो द्यायचा नाही, असा इथला नियम होता. तो वस्तादांनीच चालवला. कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या खोबळ्यामुळे त्यात मनगट वळतच नाही, म्हणून सगळे अंग फिरवावे लागते, आणि सत्तरीच्या त्या माणसाचे पाय तेव्हा कसे सरकत होते ते पाहण्यासारखे होते. पदके कुणालाच मिळाली नाहीत. लेकीने दोनदा लाठी पाडली, एकदा स्वतःच्या खांद्यावर मारून घेतली आणि सलामी देऊन जागेवर आली.

दिवाळीत तिने लाठी कानाला लावून पाहिली, तर ती दोन बोटे आखूड भरली. वस्तादांना विचारले तेव्हा ते म्हणाले, दुकानातली घेऊ नका, येताना मोळीतून चांगली निवडून ठेवतो. तोवर आहे तिलाच तेल पाजत राहा. आमच्या बाल्कनीत जवसाच्या तेलाची बाटली तेव्हापासून आहे.