आमची वाटचाल: दुसऱ्यांचे फोटो बघता बघता

नाशिकच्या सराफ बाजाराजवळच्या वाड्यात सासऱ्यांनी स्टुडिओ सुरू केला, तेव्हाचा धंदा सरळ होता. पासपोर्ट, शाळांचे ग्रुप फोटो, लग्नाचे अल्बम. कारभार माझ्याकडे आला तोवर गल्लोगल्ली कॅमेरे झाले होते आणि अर्धं काम मोबाइलवरच उरकायला लागलं होतं. त्या दिवसांत आम्ही तगलो ते दुसऱ्यांचे फोटो नीट बघायला शिकलो म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

खरं तर नाशिक जिल्ह्याला हे नवीन नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि मग मिळेल तो सिनेमा बघण्याचा असा सपाटा लावला की डोळे बिघडले. आधी फोटोग्राफी शिकलेला, स्वतःचा स्टुडिओ चालवलेला हा माणूस. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्यामागे हे बघणं होतं.

आमच्याकडे काम कमी असलेल्या दुपारी टेबलावर एकच फोटो ठेवतो. नियम एवढाच, ‘छान’ म्हणायचं नाही. उजेड कुठून आला ते आधी सांगायचं. डोळ्याच्या बुबुळातला पांढरा ठिपका बघा. चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटवरची पांढऱ्या कापडाची पेटी; गोल असेल तर बहुतेक लाइटला लावलेली छत्री. ठिपका वर असेल तर लाइट उंचावर. नाकाच्या सावलीची कड कापल्यासारखी असेल तर लाइट लहान किंवा लांब, विरघळलेली असेल तर मोठा आणि जवळ. कॅमेऱ्याची उंचीसुद्धा कळते. सपाट मैदानातल्या फोटोत क्षितिजाची रेघ माणसाच्या कमरेतून जात असेल, तर फोटोग्राफरने कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरला होता. गौतम राजाध्यक्षांनी टिपलेल्या चेहऱ्यांवर आम्ही अशा कित्येक दुपारी घालवल्या. बघून झालं की तोच लाइट आपल्यातल्याच कुणाला बसवून लावायचा. लावल्याशिवाय शिकणं पुरं होत नाही.

मला सगळ्यात प्रिय आहे तो मार्टिन मुंकाची यांचा फोटो. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणारी तीन मुलं, पाठमोरी, काळ्या आकृत्यांसारखी. हा एक फोटो बघून तरुण आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी कॅमेरा मनावर घेतला. त्याआधी ते आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकला शिकले होते, त्यामुळे चौकटीची भूमिती डोळ्यांत बसलेलीच होती. पुढे ब्रेसाँच्या जयपूरच्या फोटोंचं पुस्तक रघुबीर सिंग या जयपूरच्या शाळकरी मुलाच्या हाती लागलं. पण मोठेपणी रघुबीर सिंग त्यांच्या मागे काळ्या-पांढऱ्यात गेले नाहीत. त्यांनी रंग धरला, कारण भारत रंगाशिवाय दिसत नाही असं त्यांना वाटे. एकाचं बघून दुसरा शिकला आणि तरी प्रत्येकाचं काम वेगळं राहिलं. नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. कुणाचं बघितलं तर आपलं काही उरणार नाही, अशी भीती त्यांना फार असते.

मुंकाचींच्या त्या फोटोत धावणारे हात-पाय उजळ लाटांवर मोकळे दिसतात, म्हणून वेग जाणवतो. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात आणि पोरं धप्पा मारतात, तिथे हेच कामी आलं. गर्दीतून सरळ फोटो घेतला तर उडी मारणारा मागच्या माणसांत हरवतो. माझे दीर काठाला जवळजवळ झोपून कॅमेरा वर करतात, म्हणजे मुलाच्या अंगामागे फक्त आकाश येतं. मग शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या वर ठेवून थांबायचं. ‘वहिनी, घाई करायची नाही,’ असं तेच मला शिकवतात.

रघुबीर सिंग यांनी अ‍ॅम्बेसेडर गाडीतून, तिच्या दारा-खिडक्यांनी चौकट कापून फोटो घेतले. चौकट कापायची तीच युक्ती आम्ही लग्नघरात आणली. वाड्याच्या पडवीचा लाकडी खांब मधोमध, एका बाजूला मेंदीचे हात पसरून बसलेली नवरी, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांची यादी तपासणारे तिचे काका. आता गिऱ्हाईक अशीच पानं अल्बममध्ये मागून घेतात.

अमेरिकन फोटोग्राफर अर्व्हिंग पेन यांनी 1948 साली पेरूतल्या कुस्को गावी तिथल्याच एका फोटोग्राफरचा स्टुडिओ भाड्याने घेतला आणि गावकऱ्यांना साध्या पडद्यापुढे, दिवसाच्या उजेडात उभं केलं. ते फोटो बघूनच आम्ही वाड्याची उत्तरेची खिडकी उघडी ठेवायचं ठरवलं. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. मात्र नाशिक 20 अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो आणि सकाळ-संध्याकाळचं ऊनही तिकडून आत येतं. तेव्हा खिडकीला पातळ पांढरं कापड लावतो.

येवल्याच्या पैठण्यांची कामं मिळाली तीही याच सवयीमुळे. धूपछाव साडीत उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा. समोरून फ्लॅश मारला की दोन्ही रंग एक होतात, बाजूने खालून लाइट सरकवला की पदर बोलतो. द्राक्षांचा घड मात्र मागून उजळायचा, पुढून उजेड परतवायला थर्माकोलची शीट, आणि धरायचा देठानेच, नाहीतर मण्यावरची पांढरट झाक पुसली जाते.

लोक मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी लग्नाचा फोटो दाखवून ‘असाच हवा’ म्हणतात. आम्ही नाही म्हणत नाही. त्यातलं नेमकं काय आवडलं ते विचारतो. उजेड आवडला असेल तर तो इथेही मिळतो. पोझ तशीच्या तशी उचलायला मात्र मी तयार नसते, तसं केलं की नवरा-नवरी स्वतःसारखी दिसत नाहीत.

सध्या टेबलावर रघू राय यांच्या गर्दीच्या चौकटी आहेत. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावर माणसांचा महासागर असेल आणि त्यातून एक चेहरा कसा वेगळा काढायचा, हे आम्हाला आत्तापासून शिकायचं आहे. कॅमेरा हातात असलेल्या कुणालाही दुपारी येऊन आमच्याबरोबर बसता येईल. पुस्तकांचं कपाट उघडंच असतं.