वरातीआधी ओठ तयार करताना

लग्नसराईत ट्रम्पेटवाल्याचा दम आधी जात नाही, ओठ जातात. छातीत हवा असते, बोटं चालत असतात, पण तोंडाच्या कोपऱ्यांची पकड सुटते. वरचा सूर लागेना की माणूस माउथपीस दातांवर दाबतो. दाबलं की ओठातलं रक्त अडतं, ओठ थरथरायचा थांबतो आणि सुराऐवजी नुसती हवा फुसफुसते. वरात मात्र मारुतीच्या देवळापुढे नाचत उभीच!

आमच्या बँडमधल्या जुन्या मंडळींचा यावर एकच उपाय: जोरात फुंक, रोज फुंक. मला तो पटत नाही. माझी सगळी भिस्त हर्बर्ट क्लार्क या अमेरिकन कॉर्नेटवादकाच्या (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं भावंड) १९१२ सालच्या टेक्निकल स्टडीज या रियाजाच्या पुस्तकावर. पहिला पाठ दिसायला अगदीच गरीब. खालच्या एफ शार्प या सुरापासून अर्ध्या-अर्ध्या सुराने वर सी या सुरापर्यंत जायचं आणि परत. सूर सातच, पण सुरुवातीला तिन्ही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) दाबलेले आणि सीवर पोचताना तिन्ही मोकळे. मधे बोटांच्या उरलेल्या सगळ्या जोड्या येऊन जातात. मग तेच अर्धा सूर वरून, पुन्हा अर्धा सूर वरून. अट एवढीच की आवाज अगदी बारीक ठेवायचा आणि एका श्वासात तेच आठ ते सोळा वेळा घ्यायचं.

"शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही, वरातीत काय ऐकू येणार?" इति आमच्या बँडमधले तात्या.

मेख तिथेच आहे. मोठ्या आवाजात दाबाची लबाडी खपून जाते. बारीक आवाजात दाबलं की सूर तिथल्या तिथे विझतो, म्हणून कोपऱ्यांना काम करावंच लागतं.

वाजवलं तेवढाच वेळ ट्रम्पेट मांडीवर, हाही रियाजच. आर्बन या फ्रेंच कॉर्नेटवादकाच्या १८६४च्या पुस्तकात शेवटाकडे चौदा मोठे अभ्यास आहेत, त्यांत ओठांना विश्रांती जवळजवळ नाहीच. त्यातला एक मी संध्याकाळी घेतो. कोपरे ढिले पडले की पान अर्धवट असलं तरी बंद. त्यापुढे रेटलं तर दाबायचीच सवय पक्की होते.

लग्नाच्या दिवशी पाठ नाही. खालचे थोडे लांब सूर, आणि घोडा फुरफुरतो तसे ओठ मोकळे करायचे. दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याशी आधीच ठरवून ठेवतो: मुखडा तुझा, अंतरा माझा. नवरदेवाचे मित्र पैसे ओवाळायला लागले की तो करार मोडतो, ते वेगळं.