मिस्त्री का टिकत नाही

लातुरात घराचं काम काढायचं म्हणलं की सिमेंट, वाळू, फरशी सगळं एका फोनवर दारात येतं, येत नाही तो मिस्त्री. आमची गच्ची गळायली होती, मृगाच्या आत उरकायचं होतं कारण खालच्या खोलीत आई झोपते. पहिल्या माणसानं ॲडव्हान्स घेतला, जुना कोबा म्हणजे गच्चीवरचा थर फोडला आणि दुसऱ्या साईटवर गेला. फोन केला की "यायलोय की सर, रेणापूर नाक्यावर आहे". पावसाळा तोंडावर आणि गच्ची उघडी, लई राग आला.

मग ओळखीतून एक वयस्कर गवंडी मामा मिळाले. त्यांच्याशी बोलून मला जे पटलं ते असं, की यात माणसाच्या स्वभावापेक्षा गुत्त्याचा, म्हणजे ठरलेल्या दरात पूर्ण काम अंगावर देण्याचा, भाग मोठा आहे. आपण घासाघीस करून स्क्वेअर फुटावर गुत्तं देतो. त्यात एका मालकाचा माल आलेला नसतो, दुसरा शेवटचे पैसे अडकवतो, म्हणून मिस्त्री चार साईटी धरून ठेवतो आणि चौघांनाही उद्या येतो म्हणतो. त्यात हाताखालची चांगली पोरं पुण्याला जातात कारण तिकडं रोज जास्त मिळतो, दसऱ्यानंतर बिगारी ऊसतोडीला जातात, ते परत येईस्तोवर उन्हाळा लागलेला असतो आणि तेव्हाच सगळ्या गावाला गच्ची दुरुस्त करायची असते.

मामांनी गुत्तं घेतलंच नाही. रोजानं येतो, माल तुम्ही आणा, संध्याकाळी हिशोब मिटवा, एवढंच बोलले आणि पूर्ण होईस्तोवर दुसरीकडं गेले नाहीत. उतार पाईपाकडं काढला, कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्याला सिमेंटचा गोल वाटा मारला, शेवटी पाईपाचं तोंड बंद करून गच्चीवर पाणी तुंबवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या छताला हात लावून बघितला. हे गुत्त्यात कोण करणार? तिथं थांबलं की मिस्त्रीचंच नुकसान.

पाणी मारण्यावर ते फार कडक. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि आता दुकानात मिळतं त्या पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, १० दिवस ओल लागते. पण ज्या गावात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं मे महिन्यात टँकरचं पाणी सिमेंटवर ओतायला मालकाचाच हात आखडतो, मग तडे गेले की नाव मिस्त्रीचं. आम्ही गोणपाट अंथरून सकाळ संध्याकाळ भिजवत होतो.

अजून एक मनाला लागलं. सरकारच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मामा आयुष्यभर लोकांची घरं बांधतायत पण आज इथं दोन दिवस, उद्या तिथं चार दिवस, सही कोण देणार? मला वाटतं आपण घरमालकांनी निदान कामाच्या तारखा आणि दिलेले पैसे कागदावर लिहून सही करून त्यांच्या हातात द्यावेत, पुढं दाखला मिळवायला काहीतरी हातात राहतं. मी तसा कागद दिलाय. बाथरूमच्या पाईपलाईनचं काम अजून बाकी आहे, त्यासाठी मामांच्या ओळखीचा प्लंबर दिवाळीनंतर येणार आहे आणि त्यालाही रोजानंच सांगितलंय.